टरफलं उचलली कोणी?

मढच्या खळ्यात दुपारी बसलं की बोलणं लांबतं. वलांडीवर बोंबील लटकलेले असतात, खाली जवळा पसरलेला असतो, आणि कावळे हाकायला कुणीतरी बसावंच लागतं. वादाला अशी फुरसत दुसरीकडे मिळायची नाही, म्हणून पुढचा वाद मी तिथे बसवला आहे. बोलणाऱ्या दोघी म्हणजे अमुक एक बाई आणि तमुक एक वकील नव्हेत. शाळेतल्या शिस्तीबद्दल मालाडच्या या टोकाला जे दोन सूर कानावर येतात, त्यांना मी तोंडं दिली आहेत. त्यांच्या बोलण्यातले कायदे, तारखा आणि बातम्या मात्र खऱ्या आहेत.

बाई महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. वकील त्यांचीच विद्यार्थिनी, मढच्या कोळीवाड्यातली, मुलांच्या प्रकरणांत काम करणारी. शाळेच्या व्यवस्थापन समितीपुढे ठेवायला तिनं दोन पानी प्रस्ताव लिहिला आहे. मारामारी, चिडवाचिडवी, चोरी, मोडतोड असं काही झालं की लगेच शिक्षा ठोकायची नाही. ज्याला सोसावं लागलं तो, ज्यानं केलं तो, दोघांच्या घरची माणसं आणि एक शिक्षक यांनी एकत्र बसायचं. काय झालं, कुणी काय भोगलं आणि ते भरून काढायला कोण काय करणार, हे तिथे ठरवायचं. जगभर याला पुनर्स्थापक न्याय म्हणतात. बाईंनी दोन्ही पानं वाचली, घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवून दिली. हे लक्षण बरं नव्हतं.

बाई : भाषा छान आहे तुझी. आता मला सांग. आठवीतल्या एका मुलानं वर्गातल्या दुसऱ्याचा दात पाडला. पुढचा, पुन्हा न येणारा. दातवाल्याची आई शाळेच्या दारात उभी आहे. मी काय करू?

वकील : आधी डॉक्टर. मग दोघांशी वेगवेगळं बोलायचं. दात का पाडला, ते विचारायचं.

बाई : विचारलं. दातवाला ह्याला पाचवीपासून ‘बोंबील’ म्हणतो. हा पहाटे आईबरोबर जवळा भरून, हात धुऊन, 271 नंबरच्या बसमध्ये लोंबकळत शाळेत येतो. वर्गात शिरला की तो नाक धरतो, आणि त्याचं बघून मागचे दोन बाक नाक धरतात.

वकील : म्हणजे तीन वर्षं रोज. आणि या तीन वर्षांची शाळेच्या दप्तरी एका ओळीचीही नोंद नाही. बाई, दात एकाचा पडला, इजा दोघांना झाली. शिक्षा देणाऱ्याला फक्त दात दिसतो, कारण दात मोजता येतो. बसून बोललं तर ती तीन वर्षंही टेबलावर येतात.

बाई : येतात ना, तीच मला धास्ती आहे. तीन वर्षं टेबलावर आली की दात टेबलाखाली जातो. बैठकीत सगळे त्या कोळ्याच्या पोराकडे कळवळून बघणार आणि तोंडात बोळा धरून बसलेल्या पोराला सांगणार, बाळा, तू आधी चिडवलंस ना? दात गेलेलाच आरोपी होऊन घरी जाईल. मला चिडवण्याचं समर्थन करायचं नाही. पण शब्दाला दात हे उत्तर नाही, एवढं एक वाक्य शाळेनं मोठ्यानं, सगळ्यांदेखत म्हणायला हवं. तुझ्या दोन पानांत ते मला सापडलं नाही.

वकील : ते वाक्य मी घालते. पण तुम्ही ते म्हणणार कसं? छडी तर गेली.

छडी कायद्यानं गेली त्याला आता बराच काळ झाला. दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबर 2000 मध्ये तिथल्या शाळांच्या नियमांतली शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द केली. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. त्याचं सतरावं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं आणि मोडणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे कारवाई सांगतं. सोळावं कलम आठवी संपेपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीनं पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना दिली, काढून टाकण्याची मुभा दिली नाही. म्हणजे काय करायचं नाही, हे कायद्यानं नीट सांगितलं. काय करायचं, हे सोमवारी सकाळी वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला फारसं कुणी शिकवलं नाही. माझ्या मते सगळा घोळ या रिकाम्या जागेत आहे. छडी गेली आणि तिच्या जागी उठाबशा आल्या, वर्गाबाहेर उभं करणं आलं, ‘दाखला घेऊन जा’ची धमकी आली.

वकील : नोव्हेंबर 2025 मध्ये वसईत काय झालं, आठवतंय? सहावीतली मुलगी. शाळेत उशिरा आली म्हणून पाठीवर दप्तर घेऊन शंभर उठाबशा काढायला लावल्या असा आरोप. काही दिवसांत ती गेली. शिक्षिकेला अटक झाली. कोर्ट काय ते ठरवेल. पण उशीर म्हणजे काय, हे मढच्या माणसानं तरी समजून घ्यायला हवं. वर्सोव्याच्या बाजूला शिकणारी आपली पोरं फेरीबोटीवर अवलंबून. वारं सुटलं, बोट थांबली, की शाळेची घंटा थांबत नाही.

बाई : वसईचं माझ्यापुढे ठेवू नकोस. त्याची बाजू कोण घेणार? पोरीला शंभर उठाबशा ही शिस्त नव्हे, तो राग आहे. मी विचारतेय ते वेगळं. रागावलेला शिक्षक एका टोकाला आणि हात बांधलेला शिक्षक दुसऱ्या टोकाला. मधे काही आहे की नाही? गोव्याचा निकाल वाच. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं एका प्राथमिक शिक्षिकेला निर्दोष सोडलं. दोन लहान बहिणींना फुटपट्टीनं मारल्याचा तिच्यावर आरोप होता. खालच्या कोर्टानं एक दिवसाची कैद आणि लाखाच्या घरातला दंड ठोकला होता. हायकोर्ट म्हणालं, मुलांना वळण लावताना थोडं कठोर व्हावं लागतं, प्रत्येक वेळी त्याचा गुन्हा होत नाही.

वकील : वाचलाय. आणि तुम्ही तो काढलात ते बरं केलंत, कारण माझी सगळी बाजू त्या एका प्रकरणात आहे. भांडण कशाचं होतं? पाण्याच्या बाटलीचं. धाकटीचं पाणी संपलं, ती पाणी प्यायला मोठीच्या वर्गात गेली. घटना 2014 ची. धाकटी तेव्हा पाच वर्षांची. निकाल लागला तेव्हा ती चौदाची झाली होती. नऊ वर्षं त्या बाईंच्या डोक्यावर खटला, नऊ वर्षं त्या घराला तारखा. शेवटी काय कळलं, तर गुन्हा झाला नाही. मुलींना काय वाटलं होतं, बाईंना काय सांगायचं होतं, हे कोर्टात साक्ष म्हणून आलं असेल, पण एकमेकींना सांगितलं गेलं का? मी वकील आहे, बाई. माझं पोट खटल्यांवर चालतं. तरी सांगते, हे पहिल्याच आठवड्यात मिटण्याजोगं होतं.

बाई काही क्षण कावळे हाकत राहिल्या. मग त्यांनी असं हत्यार काढलं की ते येणार हे वकिलीणबाईंना ठाऊक असावं, कारण ती आधीच हसली.

बाई : मग तीनशे शब्दांचा निबंध लिहून घे.

19 मे 2024. पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्श गाडीनं दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. दोघंही गेली. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा. बाल न्याय मंडळाच्या सदस्यानं काही तासांत जामीन दिला, आणि अटींमध्ये एक अट होती अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध. त्या दिवसापासून मराठी घरांत ‘सुधारणा’ या शब्दाची पतच गेली. मुलांशी मऊ वागण्याबद्दल कुणी काहीही बोललं की समोरचा ‘निबंध’ म्हणतो आणि वाद संपतो.

वकील : मला ठाऊक होतं तुम्ही हेच काढणार. सगळे काढतात. आता तुम्हीच मला सांगा, त्या निबंधाच्या अटीत मेलेल्यांच्या आईवडिलांना कुणी काही विचारलं होतं? त्यांना काय हवंय, त्या मुलाला काय ऐकवायचंय, त्याच्या तोंडून काय ऐकायचंय? कुणी नाही. मुलगा आणि मंडळ, दोघांत आटपलं. मी जे मागतेय त्यात पहिली खुर्ची ज्याचं गेलं त्याची. तो निबंध माझ्या बाजूचा दाखला नाही, तुमच्या बाजूचाही नाही. तो आळस होता.

बाई : बरं, हे मानलं.

वकील : मानलंत?

बाई : निबंधाचं मानलं. तुझं नाही. तू म्हणतेस पहिली खुर्ची ज्याचं गेलं त्याची. ठीक. पण ती खुर्ची त्याला नको असली तर? दात गेलेला पोरगा म्हणाला, मला त्याच्यासमोर बसायचं नाही, त्याचं तोंड बघायचं नाही, तर? तुमच्या पद्धतीत असा मुलगा अडेल ठरतो. सगळे त्याला समजावत बसतात. मोठं मन कर. तोही गरिबाचा पोर आहे. एकदा शेकहँड कर, फोटो काढू. अगं, मी तंटामुक्ती पाहिली आहे.

इथे बाईंचा आवाज चढला, आणि मला वाटतं तो योग्य जागी चढला. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना सुरू झाली. गावातले तंटे गावातच, सामोपचारानं मिटवायचे, तंटामुक्त ठरलेल्या गावाला सरकारनं बक्षीस द्यायचं. शेताच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेली भांडणं तिथे मिटली, हे खरंच आहे. कोर्टाच्या पायऱ्या वाचल्या, हेही खरं. पण बक्षीस मिटलेल्या तंट्यांवर ठेवलं की तंटा मिटवायची घाई सुटते, आणि घाईत नमतं कोण घेतो हे सांगायला नको. ज्याला गावात राहायचंय आणि ज्याच्या मागे कुणी नाही, तो.

बाई : बायको मार खाऊन तंटामुक्तीच्या ओट्यावर आली, तर तिला काय ऐकवत असतील, तूच सांग. तुझी शाळेतली बैठक त्याच ओट्यावर बसणार. एक बाप बिल्डिंगमधला, दुसरा बोटीवरचा. एक इंग्रजी फाडणार, दुसरा मान खाली घालून ‘चुकलं साहेब’ म्हणणार. वर्तुळात बसवलंस म्हणून माणसं सारखी होत नाहीत. आणि आपल्या कोळीवाड्यातली जमात, पंचांची ती बैठक, तर तुला माझ्यापेक्षा ठाऊक.

वकील : ठाऊक आहे. जमातीत मी लहानपणी मागे बसून ऐकलंय. जाळं कापलं, मासळीच्या पैशात घोळ झाला, दारू पिऊन शिवीगाळ झाली, की पंच दोघांना समोर बसवायचे. दंड व्हायचा, पण दंडाआधी बोलणं व्हायचं. न्यूझीलंडनं 1989 मध्ये कायद्यात घातलं ते यापेक्षा फार वेगळं नाही. तिथे अल्पवयीन मुलानं गुन्हा केला की कुटुंबाची बैठक बोलावतात. माओरी लोकांची जुनी रीत त्यात घेतली.

जाळ्याची गाठ मारत बाजूला बसलेले तिचे वडील इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “दंड भरला तरी दुसऱ्या दिवशी त्याच बोटीवर दोघांना जावं लागतं. डोल ओढायला माणसं नकोत?”

वकील : बघा. वर्गाचंही तेच आहे. दात पाडणारा आणि दात गेलेला, दोघं उद्या त्याच वर्गात, बहुतेक लागून लागून बसणार. कोर्टातून माणसं आपापल्या घरी जातात. शाळेत मुलं परत त्याच बाकावर येतात.

बाई : नाखवा, तुमच्या जमातीनं वाळीत टाकलेली घरंही मी पाहिली आहेत. विहिरीवर बोलत नाहीत, लग्नाला बोलावत नाहीत. त्या घरची पोरं माझ्याच वर्गात असायची. डबा खायला एकटी बसायची. राज्याला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तो काय उगाच? चार माणसं गोल बसली की न्याय होतोच असं नाही. कधीकधी तिथे नुसतं चारचौघांत उघडं पाडणं होतं. आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला चारचौघांत उघडं पाडणं हे छडीपेक्षा जास्त लागतं. छडीचा वळ जातो.

नाखवांनी गाठ घट्ट केली. उत्तर दिलं नाही. वकिलीणबाईंनीही लगेच दिलं नाही. तिनं प्रस्तावाची घडी चष्म्याच्या घरातून काढून घेतली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं, ‘नकार : कारण विचारायचं नाही’ असं लिहिलं होतं.

वकील : एक गोष्ट लहानपणी तुम्हीच आम्हाला सांगायचात. टिळकांची. वर्गात शेंगांची टरफलं पडलेली, मास्तर म्हणाले सगळ्यांनी उचला, कुणी नाव सांगेना, तेव्हा सगळ्यांना छड्या. आणि टिळक म्हणाले, मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही.

बाई : दर 1 ऑगस्टला एक मुलगा फेटा बांधून ते भाषण करायचाच.

वकील : भाषण ऐकून आम्ही टाळ्या वाजवायचो. मला तेव्हाही एक प्रश्न पडायचा, मी विचारला नाही. टरफलं शेवटी उचलली कोणी? मास्तर छड्या मारून थकले, टिळक बाणेदार ठरले, ज्यांनी शेंगा खाल्ल्या ते गर्दीत लपले. टरफलं तिथेच. बहुतेक शाळेच्या शिपायानं उचलली असतील, आणि त्याला कुणी काही विचारलं नाही. आपली शिक्षा अशी असते, बाई. ती सगळी मास्तर आणि आरोपी यांच्यात चालते. कचरा ज्याला काढावा लागतो तो गोष्टीत नसतोच. मला तो गोष्टीत हवा आहे. कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या एल्मायरा गावी 1974 मध्ये दोन पोरांनी दारूच्या नशेत एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यानं न्यायाधीशाला सुचवलं, यांना त्या दारांवर पाठवा. पोरं एकेक दार वाजवत गेली, काय मोडलं ते ऐकलं आणि पुढे नुकसान भरून दिलं. या चळवळीत हीच सुरुवात मानतात. त्यात माफीच्या गळाभेटी नाहीत. दार वाजवण्याची लाज आहे आणि हिशोब आहे.

बाई : हिशोब मला आवडला. गळाभेटी मला नको होत्या. आता तू तुझं अमेरिकेचं सांगणार ना? मीच सांगते. पिट्सबर्ग. चव्वेचाळीस शाळा, 2015 पासून दोन वर्षं. निम्म्या शाळांत तुझी पद्धत, निम्म्यांत नेहमीची. रँड नावाच्या संस्थेनं मोजलं. शाळेतून तात्पुरतं काढण्याचे दिवस कमी झाले, शिक्षक म्हणाले शाळेचं वातावरण सुधारलं. पण सहावी ते आठवीच्या मुलांचे गुण घसरले. अटका कमी झाल्या नाहीत. आणि शिक्षकांची तक्रार एकच होती, वेळ नाही.

वकील : शिकागोचंही वाचा. तिथे अनेक वर्षांची आकडेवारी पाहिली तेव्हा विद्यार्थ्यांच्या अटका जवळजवळ पाचव्या हिश्शानं घटलेल्या दिसल्या, आणि गुण काही पडले नाहीत.

बाई : म्हणजे कुठे चाललं, कुठे नाही. मग फरक कशाचा? मी सांगते कशाचा. वेळेचा. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक, पुढे पस्तिसामागे एक, हे कायद्यात. पस्तीस मुलांत आठवड्याला एक दात पडत नाही, मान्य. पण पट्टी मोडते, वही फाटते, कुणी कुणाच्या आईवरून बोलतं. प्रत्येकाला तू म्हणतेस तशी आधी एकेकट्याशी भेट, मग पालकांशी, मग बैठक, मग महिन्यानं पुन्हा विचारपूस. पालक कधी येणार? आई पहाटे मासळी घेऊन बाजारात, बाप चार दिवस समुद्रात. शिक्षक कुठे, तर मतदार याद्या तपासत. शिक्षण हक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमानंच जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढ्यासाठी शिक्षक नेता येतो. पुनर्स्थापक न्याय त्यात नाही.

इथे मला मध्ये पडावंसं वाटलं, पडलो नाही. बाईंच्या या मुद्द्यावर त्यांना हरवता येत नाही. शिक्षेविना शिस्तीसाठी साने गुरुजींचं उदाहरण नेहमी दिलं जातं. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये असताना ते छात्रालयातल्या पोरांच्या खोल्या स्वतः आवरायचे, भांडी घासायचे, आणि पोरं शरमून सुधारायची. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि मग कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी शाळा चालवल्या, त्यांतही बक्षीस आणि शिक्षा दोन्हींना थारा नव्हता. ती जागा मढपासून किनाऱ्याकिनाऱ्यानं वर गेलं की लागते. पण त्या माणसांनी आपला अख्खा दिवस मुलांना दिला होता. मोफत आणि अखंड वेळ देणारी माणसं गृहीत धरून सरकारी परिपत्रक काढता येत नाही. काढलं, तर शाळेत आणखी एक रजिस्टर वाढतं. शाळा व्यवस्थापन समिती आहे, पालक-शिक्षक संघ आहे, 2022 पासून सखी सावित्री समिती आहे, तक्रारपेटी आहे. पेटीची किल्ली कुणाकडे आहे, हे एकदा विचारून बघावं.

वकील : तुमचा अजून एक मुद्दा राहिलाय, तुम्ही काढला नाहीत. मी काढते. बदलापूर.

बाई : मी मुद्दामच काढला नाही.

वकील : काढायलाच हवा. ऑगस्ट 2024. शिशुवर्गातल्या दोन मुलींवर शाळेतल्याच कामगारानं लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप. पालकांना तक्रार नोंदवायला तासन्‌तास ताटकळावं लागलं, मग लोक रुळांवर उतरले. असल्या गोष्टीत कसली बैठक आणि कसली समजूत? पॉक्सो कायद्याचं एकोणिसावं कलम स्पष्ट आहे, कळलं की पोलिसांना कळवायचं. न कळवणं हाही गुन्हा, आणि संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी वर्षभराची कैद होऊ शकते. तेव्हा माझ्या कागदावर वरच्या बाजूला यादी येईल. लैंगिक काहीही, हत्यार, जातीवरून केलेला छळ, हे बैठकीत येणार नाही. मोठ्या माणसानं मुलाला मारलं तर...

बाई : तर? थांब. ते सोडू नकोस. शिक्षकानं मारलं तर तुझी बैठक आहे की नाही? कारण तुझं सगळं लिखाण पोरा-पोरांबद्दल आहे. आणि शाळेत मुलाला सगळ्यात जास्त दुखावतो तो मोठा माणूस. ‘तुझा बाप तुला मासे मारायलाच पाठवणार, तुला काय करायचंय शिकून’ हे बोलणारे शिक्षक मी पाहिलेत. माझ्याच स्टाफरूममध्ये चहा पीत असायचे. तो शिक्षक मुलासमोर खुर्चीवर बसून ऐकून घेणार आहे?

वकील : तुम्ही असता तर बसला असतात?

बाई : माझं सोड. मुख्याध्यापक ती बैठक घेणार का, ते सांग. मुख्याध्यापक शिक्षकाचा, शिक्षक मुख्याध्यापकाचा. पोरगं एकटं. आणि पोराला ठाऊक, दहावीचे अंतर्गत गुण ह्याच हातात. आठवीपर्यंत निदान कायदा त्याला शाळेतून काढू देत नाही. नववीत गेला की तोही आधार सुटला. ‘दाखला घेऊन जा’ म्हटलं की बाप हात जोडतो. अशा मुलाला तू गोलात बसवून विचारणार, सरांच्या बोलण्यानं तुला कसं वाटलं? तो म्हणणार, काही नाही वाटलं.

वकील : मग बाहेरचं माणूस लागेल. शाळेशी पगाराचा संबंध नसलेलं. आणि त्यात मुलानं ‘नको’ म्हटलं की सरळ सतरावं कलम, चौकशी, कारवाई. बैठक हा कारवाईऐवजीचा रस्ता नाही. मूल म्हणेल तरच, आणि कारवाईच्या जोडीनं.

बाई : हे लिही.

वकील : लिहिते. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका. त्यांतल्या दोघींना शिकवलं तर...

बाई : आणि त्यांना पैसे द्यायचे. फुकट नाही. बायकांचा वेळ फुकट धरूनच आपल्याकडे सगळ्या योजना चालतात. मासळी सोडून त्या येणार, त्यांची दुपार बुडणार.

वकील : समितीकडे त्या नावाखाली पैसे नाहीत.

बाई : मग प्रस्तावात मागणी घाल. नाही मिळाले तर निदान नाही म्हणाल्याचं लेखी राहील. आणि वेळापत्रकात आठवड्याला एक तास दाखव. दाखव म्हणजे छापील वेळापत्रकात, शिक्षकाच्या नावासकट. ‘सवडीनुसार’ नको. तास दाखवलास तर मी समितीत तुझ्या बाजूनं बोलेन. नाही दाखवलास तर विरोधात, आणि मी काय बोलेन ते तू आज ऐकलंच आहेस.

वकील : फक्त चित्रकलेचा तास घेऊ नका, बाई.

बाई : तो गणितवाल्यांनी केव्हाच घेतलाय.

वकील : मग गणिताचा घ्या.

बाई : घेतला की पिट्सबर्ग झालंच म्हणून समज.